गोळीचा भाव कोण ठरवतो?

प्रश्न साधा आहे, दोस्तांनो. औषधाची किंमत म्हणजे नेमकं काय? गोळी बनवायचा खर्च, की मरणाच्या भीतीवर लावलेली बोली?

एम्पाग्लिफ्लोझिन नावाची साखरेची गोळी आहे. मार्च २०२५ पर्यंत आपल्याकडे एका गोळीला ६० रुपयांच्या आसपास पडायचे. त्या महिन्यात पेटंट संपलं आणि दुसऱ्या कंपन्यांनी तीच गोळी १० रुपयांच्या आत आणली. औषध तेच, रोग तोच. मग कालपर्यंतचे ५० रुपये कशाचे? हातावर पोट असलेल्या माणसानं महिन्याला १८०० आणायचे कुठून? तो आणत नव्हताच. मेटफॉर्मिनवर भागवायचा. तीही संपली की पुढची मजुरी हातात पडेपर्यंत नुसताच.

आमच्या बैठकीतला एक शिकलेला मित्र म्हणतो, संशोधनाला पैसा लागतो, नफा नसेल तर नवं औषध शोधील कोण? हा मुद्दा हसण्यावारी न्यायचा नाही. पैसा लागतोच. पण तो आजाऱ्याच्याच खिशातून का? पूल बांधला तर त्याचा सगळा खर्च बुडणाऱ्याकडून वसूल करतात काय?

इन्सुलिनचंच बघा. १९२१-२२ साली टोरांटोत ते हाती लागलं. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. पुढं अमेरिकेत काय झालं? ह्युमॅलॉग या सुधारलेल्या इन्सुलिनची बाटली १९९६ साली २१ डॉलरला होती, २०१९ पर्यंत २७५ च्या आसपास गेली. ओरड फार झाली तेव्हा २०२३ साली कंपनीनं ७० टक्के भाव उतरवायचं जाहीर केलं. म्हणजे उतरवता येत होता, साला!

आपल्या देशानं १९७० च्या कायद्यात औषधावर पेटंट नाकारलं होतं, ते फक्त बनवण्याच्या रीतीवर मिळायचं. म्हणून इथल्या कारखान्यांनी स्वस्त औषधं काढली. जागतिक व्यापार करारापायी २००५ साली ते दार लावून घेतलं. कलम ४७ सांगतं, सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य. कलम ३७ सांगतं, ते कोर्टातून वसूल करता येणार नाही. कर्तव्य आहे, पण मागायला गेलात तर भीक ठरते.

साखर म्हणजे शेठजींचं दुखणं, असं अजून कुणी म्हणत असेल तर त्यानं सरकारी दवाखान्याची रांग बघावी. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. आमच्या वस्तीतली एक बाई इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवते, घरात फ्रीज नाही. बाटली पुरावी म्हणून डोसही अर्धाच टोचते.

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या वस्तीतल्या औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन या. चिठ्ठीवर काय लिहिलंय आणि घरात खरंच काय आलं, ते समोरासमोर मांडू.