औषध म्हणजे कोणतं, हे विचारलंत का?

वह्या मिटा. पेनं खाली ठेवा. आज लिहून घ्यायचं नाही, ऐकायचं आहे. तुमच्या चौदा केस नोंदी काल रात्री वाचून संपवल्या तेव्हा मला एवढंच कळलं की वर्षभरात तुम्ही लिहायला शिकलात, ऐकायला नाही.

नववी नोंद. विदर्भातला कापूस पिकवणारा शेतकरी, चाळिशीचा. झोप लागत नाही म्हणून आला. बोलता बोलता खाली बघत म्हणाला, ‘मागच्या दिवाळीत मी औषध घेतलं होतं.’ हे वाक्य तुम्ही जसंच्या तसं उतरवलंत, तेवढं बरं केलंत. नाहीतर मलाही कळलं नसतं. पण त्याखाली काय लिहिलंत? ‘पूर्वी औषधोपचार घेतलेले आहेत. तपशील उपलब्ध नाहीत.’ आणि पुढचा प्रश्न विचारलात भुकेचा.

त्याच्या गावात फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. कृषी केंद्रावर औषध म्हणूनच मागतात, दुकानदारही औषध म्हणूनच देतो. त्या गावातला माणूस मान खाली घालून ‘औषध घेतलं’ म्हणतो तेव्हा तो झोपेच्या गोळीबद्दल बोलत नसतो. मरायला निघालो होतो, असं त्याने तुम्हाला सांगितलं. तुमच्यासमोर बसून, स्वच्छ मराठीत सांगितलं. आणि तुम्ही त्याला विचारलंत, जेवण व्यवस्थित जातं का?

मी आज सकाळी सात वाजता त्याला फोन केला. तो ठीक आहे. बायको सोबत आहे, घरातल्या बाटल्या तिने दिराकडे ठेवायला दिल्या आहेत. रात्रीअपरात्री जीव घाबरला तर १४४१६ वर टेलि-मानसला मराठीत बोलता येतं, हेही त्याला मीच सांगितलं. हे तुम्ही सांगायला हवं होतं, आठ दिवसांपूर्वी.

तो एवढं आडून का बोलला, हे कुणाच्या मनात तरी आलं का? त्याला पोलिसांची भीती आहे. दवाखान्यात नेलं की जबाब होतो, गावात बोभाटा होतो, हे त्याने पाहिलंय. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ तुम्हाला पाठ आहे: असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. परीक्षेत तुम्ही ते अचूक लिहिलंत. ज्याच्यासाठी ते कलम आहे त्याला एका शब्दाने सांगितलं नाहीत.

आणि मघाशी दाराशी कुणीतरी मला म्हणालं, ‘मॅडम, भाषेचा थोडा गोंधळ झाला.’ भाषेचा गोंधळ नाही. दोघेही मराठीच बोलत होता. तुमची मराठी तेवढी मराठी आणि त्याची म्हणजे तुमच्या मराठीची बिघडलेली नक्कल, हे तुम्ही मनात धरून बसला होतात. तिथे चूक झाली.

सहामाहीच्या पेपरात ‘विविध पार्श्वभूमीचे क्लायंट’ हा प्रश्न मी घातला होता. चौदाही जणांनी यादी दिली. दलित, आदिवासी, मुस्लिम, भटके-विमुक्त, तृतीयपंथी, ग्रामीण. एकाही उत्तरपत्रिकेत ‘मी’ हा शब्द नव्हता. जणू पार्श्वभूमी फक्त समोरच्याला असते आणि तुमच्या पाठीमागे कोरी भिंत आहे. तुमचं आडनाव, तुमच्या घरातल्या खोल्या, तुमच्या आईने लहानपणी कुणाच्या घरी पाणी प्यायचं नाही म्हणून सांगितलं, हे सगळं तुमच्याबरोबर त्या खुर्चीत बसलेलं असतं. क्लायंटला ते दिसतं. तुम्हालाच तेवढं दिसत नाही.

चौथी नोंद घ्या. वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाचा मुलगा, वसतिगृहात राहतो. म्हणाला, ‘आधी रँक विचारतात, मग बोलणं बदलतं.’ तुम्ही त्याच्या हातात विचारांचा तक्ता दिलात. ते मुद्दाम वागतात याला पुरावा काय? दुसरं काही कारण असू शकेल का? शेवटी शेरा मारलात: ‘अतिसंवेदनशील. आत्मविश्वास कमी.’

ॲरन बेक यांनी ती रीत नैराश्यात माणसाचा विचार वाकडा होतो, तो त्याला स्वतःला तपासता यावा म्हणून बांधली. जे डोळ्यांदेखत घडतंय ते घडतच नाही असं पटवायला नाही. प्रवेश परीक्षेची रँक विचारणं ही जात विचारायची सभ्य पद्धत आहे, हे आरक्षणातून आलेल्या कुठल्याही मुलाला विचारा, तो सांगेल. तुम्हाला ठाऊक नसेल तर एवढ्याचसाठी की तुम्हाला कुणी त्या सुरात विचारलेलं नाही. त्या मुलाकडे सगळे पुरावाच मागत आले आहेत. गुणांचा, लायकीचा, जातीच्या दाखल्याचा. एका खोलीत तरी आपल्यावर विश्वास ठेवतील म्हणून तो आला, आणि तिथेही त्याला पुरावाच मागितला गेला. दुसऱ्या सेशनला तो आला नाही. त्यावर तुमची नोंद: ‘प्रेरणेचा अभाव.’ हे वाचून मी वही मिटली आणि बराच वेळ उघडली नाही.

जात, धर्म, संस्कृती, लैंगिक कल, वर्ग यांवरून भेदभाव न होता मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा त्याच कायद्याच्या कलम १८ ने दिलेला हक्क आहे. ती तुमच्या चांगुलपणावर सोडलेली गोष्ट नाही. त्या मुलाला तुम्ही एवढंच म्हणायला हवं होतं: ‘हे कधीपासून चाललंय? कुणाला सांगितलंस? तक्रार करावीशी वाटते का, आणि केलीस तर कशाची भीती आहे?’ यासाठी तक्ता लागत नाही.

आता अकरावी. वस्तीतली बाई, नवरा मारतो म्हणून आली. तुम्ही लिहिलंत: ‘त्यांच्या समाजात हे स्वीकारार्ह असल्याने त्यावर भाष्य केले नाही. सांस्कृतिक संवेदनशीलता पाळली.’

कुणाच्या समाजात? कुणी स्वीकारलं? तिला विचारलंत? तिने ते स्वीकारलं असतं तर कामावरची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून, घरी खोटं सांगून तुमच्याकडे कशाला आली असती? तुमच्या सख्ख्या बहिणीवर तिच्या नवऱ्याने हात उचलला, तर ‘आमच्यात चालतं’ असं लिहून वही मिटाल? तिथे तुम्ही पोलिसांत जाल, वकील गाठाल. म्हणजे तुमच्या बहिणीचं अंग दुखतं आणि या बाईचं दुखत नाही, असं तुम्ही ठरवलंत आणि त्याला संवेदनशीलता हे नाव दिलंत. जातीवाचक बोलणारा माणूस निदान ओळखू तरी येतो. हे तुमचं मला जास्त भयंकर वाटतं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा कुठल्याही जातिधर्माच्या बाईला लागू आहे. संरक्षण अधिकारी कोण, १८१ या महिला हेल्पलाइनवर काय होतं, हे तिला सांगणं तुमचं काम होतं. पुढे काय करायचं ते तिने ठरवलं असतं. तुम्ही तिच्यासाठी आधीच ठरवून टाकलंत.

आणि जिथे हात लावायचा नव्हता तिथे लावलात. नवरा जाऊन दोन महिने झालेली मुस्लिम बाई फोनवर तुमच्याशी बोलत होती. ती घराबाहेर पडत नाही, नटत नाही, समारंभांना जात नाही. तुम्ही ‘समाजापासून अलिप्तता’ लिहून तिला रोज संध्याकाळी फिरायला जाण्याचा गृहपाठ दिलात. ती इद्दतमध्ये आहे. विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची असते. तिचं बाहेर न पडणं हे लक्षण नव्हतंच. तिला या दिवसांचा आधार वाटतो की ओझं, हा प्रश्न होता, आणि तो विचारायला एक मिनिट लागलं असतं.

मेळघाटातल्या आईचं बोलणं तुम्ही तिच्या बारा वर्षांच्या मुलीकडून मराठीत करून घेतलंत. तिची कोरकू भाषा मराठीच्या कुळातली नाही, मुंडा कुळातली आहे, तेव्हा दुभाषा लागणार हे उघड आहे. पण नवरा-बायकोतलं दुःख पोटच्या पोरीच्या तोंडून? त्या आईने काय काय गिळलं असेल? आणि पारधी तरुणाच्या नोंदीत ‘संशयी वृत्ती’ लिहिणाऱ्याने १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा वाचावा. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या शिक्क्यातून त्या जमाती कागदावर सुटल्या. गावात चोरी झाली की पहिली झडती अजून कुणाच्या पालावर जाते ते बघा, आणि मग ठरवा की पोलिसांच्या गाडीचा आवाज ऐकून दचकणं हा आजार आहे की अनुभव.

हे तुम्हाला शिकवलं नाही असं म्हणू नका. २०१३ च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेतले सांस्कृतिक मुलाखतीचे सोळा प्रश्न तुम्ही घोकलेत. या त्रासाला तुम्ही काय म्हणता, तो कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं, आत्ताच का सुरू झाला, हे आर्थर क्लाइनमन यांनी त्याच्याही कितीतरी आधी विचारायला शिकवलं. झिम्बाब्वेत डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञाने हरारेच्या दवाखान्यांबाहेर बाकावर आज्यांना लोकांचं ऐकून घ्यायला बसवलं. त्या आज्या डिप्रेशन हा शब्द घेऊन बसत नाहीत. शोना भाषेत कुफुंगिसिसा म्हणतात, म्हणजे फार विचार करत राहणं. आपल्याकडची बाईही ‘लई इचार येत्यात’ म्हणते. तुमच्या नोंदीत त्याचं ‘तक्रार अस्पष्ट’ झालं. तक्रार स्पष्टच होती.

१९९८ मध्ये टर्व्हेलॉन आणि मरे-गार्सिया या दोघींनी लिहिलं की या कामात निपुण झालो असं म्हणायची वेळ कधी येत नाही, नम्रपणे शिकत राहावं लागतं. हे मी तीस वर्षांपूर्वी जाणलं असतं तर एक बाई माझ्या हातून गेली नसती. डोक्यात जट असलेली बाई होती. मान दुखायची, झोप नव्हती. मी पहिल्या दहा मिनिटांत जट कापण्याविषयी बोलले. माझं मत आजही तेच आहे, जट काढायलाच हवी. पण ती कशी आली, कुणी देवाची ठरवली, काढली तर घरात कुणाचं काय होईल अशी धास्ती आहे, यातलं मी काहीच विचारलं नाही. ती उठून गेली, परत आली नाही. तिचा चेहरा मला अजून आठवतो. तुमच्या वाट्याला असं येऊ नये म्हणून हा आवाज चढलाय.

सोमवारपर्यंत सगळ्या नोंदी पुन्हा लिहायच्या. क्लायंटचे शब्द आधी, त्याच्याच बोलीत, अवतरणात. तुमची संज्ञा त्याखाली, आणि ती का वापरली याचं कारण. वहीच्या पहिल्या पानावर स्वतःबद्दल लिहा: जात, धर्म, घरची भाषा, घरातल्या खोल्या, घरकामाला येणाऱ्या बाईचा कप वेगळा आहे का. ते पान मला दाखवू नका. पण खोटं लिहू नका. वसतिगृहातल्या त्या मुलाला आज चिठ्ठी पाठवा, माझं चुकलं म्हणून. तो आला नाही तरी पाठवा.

शेतकरी गुरुवारी अकराला येतोय. नववी नोंद ज्याची, तोच समोर बसेल. मी शेजारी बसेन. सुरुवात अशी करायची: ‘दादा, मागच्या वेळी तुम्ही सांगितलंत ते मी ऐकलं नाही. परत सांगाल का?’ आणि मग तो बोलेपर्यंत गप्प बसायचं.