नियमांतून घडणारी कला

वाशीत महापालिकेचे विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. तिथे तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाला नाटक ही कला आहे का, असा प्रश्न पडत नाही. पण ज्यांचे नाव या वास्तूला दिले आहे, त्या भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगवले, तेव्हा प्रयोगाची रीत वेगळी होती. कथा ठरलेली असे, पदे सूत्रधार म्हणे. पात्रांचे गद्य संवाद मात्र लिहिलेले नसत. नट प्रसंग ओळखून आयत्या वेळी बोलत. चौकट भाव्यांची आणि तिच्या आतली कृती नटांची. व्हिडिओ गेमला कला म्हणावे का, या वादात ही रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अमेरिकी चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २०१० साली ठामपणे लिहिले की, व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकणार नाही. त्यांनी वेळोवेळी मांडलेले दोन आक्षेप वजनदार आहेत. खेळ जिंकता येतो. कलाकृती जिंकायची नसते, अनुभवायची असते. शिवाय कथेचा शेवट खेळणाऱ्याच्या हाती सोपवला, तर कर्त्याचा अधिकार उरतो कुठे?

यावर बहुतेक जण गेममधल्या सुंदर चित्रांकडे आणि संगीताकडे बोट दाखवतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० साली आलेला ‘राजी’ खरोखरच देखणा आहे. सर्कशीत कसरती करणारी राजी हरवलेल्या भावाला शोधायला निघते. भित्तिचित्रांतून देवदेवतांच्या कथा उलगडतात, मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत येतात. पिंगुळीच्या ठाकरांच्या चामड्याच्या बाहुल्या पाहिलेल्याला ती ओळखीची वाटेल. लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावर सहसंस्थापक श्रुती घोष यांनी स्वतःचे घर विकून हे काम पुढे नेले. अशा निष्ठेला दाद दिलीच पाहिजे. तरीही चित्र सुंदर असल्याने फार तर चित्रकला सिद्ध होते. गेमचे वेगळेपण त्याच्या नियमांत आहे, आणि त्याची परीक्षा तिथेच व्हायला हवी.

जेसन रोहरर यांचा २००७ सालचा ‘पॅसेज’ जेमतेम पाच मिनिटांचा आहे. एक माणूस चालत राहतो. वाटेत जोडीदार भेटते. तिला सोबत घेतले, तर अरुंद वाटांत शिरता येत नाही आणि तिथला खजिना हुकतो. दोघे म्हातारे होतात. आधी ती जाते, मग तो. गुण कितीही मिळवा, मरण टळत नाही. सहजीवन काय देते आणि काय हिरावते, हे इथे कोणी शब्दांत सांगत नाही. दोघांना अरुंद वाटेत शिरता येत नाही, या एका नियमातून ते कळते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ साली आपल्या संग्रहात घेतलेल्या पहिल्या १४ गेममध्ये ‘पॅसेज’ होता.

लुकास पोप यांच्या ‘पेपर्स, प्लीज’मध्ये (२०१३) आपण एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवर कागदपत्रे तपासतो. नवऱ्याचे कागद पुरे असतात. मागून येणाऱ्या बायकोकडे प्रवेश परवाना नसतो. तिला आत सोडले तर ताकीद मिळते. चुका वाढल्या की पगार कापला जातो, आणि त्या पगारावर घरच्यांचे जेवण, औषध नि ऊब अवलंबून असते. शिक्का मारणारा हात आपला असतो. पेच मात्र पोप यांनीच रचलेला असतो. कर्त्याचा अधिकार इथे पुरता शाबूत आहे. भाव्यांच्या नटाप्रमाणे आपण त्याच्या चौकटीत वावरतो.

मराठी माणसाला हा विचार परका वाटू नये. मोक्षपट ज्ञानेश्वरांनी रचला, असे परंपरा मानते. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप आणि दान देणाऱ्या कवड्या: त्या पटाची शिकवण खेळण्याच्या कृतीतूनच मनात उतरते.

नियमांची ही ताकद घातकही ठरते. माणसाला गुंतवून त्याचा खिसा रिकामा करणारे गेमही नियमांच्याच बळावर चालतात. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सना मान्यताही दिली. म्हणजे सगळे गेम एका मापाने मोजता येत नाहीत, हे कायद्यालाही मान्य आहे. समाजाने त्याहून बारीक पारख करायला हवी, आणि ते काम समीक्षेचे आहे.

माझे मत स्पष्ट आहे. ज्या गेमचे नियम माणसाच्या जगण्याविषयी काही उमगू देतात, तो गेम कलाकृती आहे. बाकीचे करमणूक आहेत, आणि काही तर निव्वळ सापळे. हा भेद मराठीत सांगणारे समीक्षक आपल्याला हवे आहेत. दिवाळी अंकांनी नाटक-चित्रपटांच्या शेजारी गेमच्या परीक्षणाला जागा द्यावी. पालकांनीही मुलाला “किती वेळ खेळलास?” एवढेच विचारून थांबू नये, “या खेळानं तुला काय करायला लावलं, आणि ते करताना तुला काय वाटलं?” हेही विचारावे.