टॉवर, तारा आणि थिरथिरा

पक्षी कमी दिसले की आपल्याकडे बोट मोबाइल टॉवरकडे जातं. चिमण्या गेल्या, टॉवरमुळे. तलावावर बदकं उतरली नाहीत, टॉवरमुळे. गोंदिया जिल्ह्यातही, नवेगावबांधच्या पाळीवर असो की गावातल्या बोडीवर, हे ऐकायला मिळतं. मला हा आरोप पटत नाही. पण तो हसण्यावारी नेणंही पटत नाही, कारण विजेच्या उपकरणांमुळे पक्ष्यांचं दिशाभान हरपतं हे प्रयोगाने दाखवलं गेलं आहे. कोणत्या लहरींनी हरपतं, एवढंच कोणी विचारत नाही.

हिवाळ्याच्या तोंडी, धानाची कापणी चालू असताना, या भागात थिरथिरा येतो. चिमणीएवढा; नर वरून काळा, पोटाशी विटकरी. बांधीच्या धुऱ्यावर बसून शेपूट सारखं थरथरवत असतो. येतो तो हिमालय आणि त्यापलीकडच्या मुलखातून. युरोपातला रॉबिन हा त्याच्याच कुळातला, आणि पक्ष्यांच्या चुंबकीय होकायंत्राबद्दल आज जे कळलं आहे त्यातलं पुष्कळसं या रॉबिनने शिकवलं आहे.

फ्रँकफर्टचे वोल्फगांग विल्चको यांनी १९६०च्या दशकात पिंजऱ्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र कृत्रिमरीत्या फिरवून दाखवलं की रॉबिनची दिशाही त्याबरोबर फिरते. १९७२मध्ये आणखी विचित्र गोष्ट पुढे आली. पक्ष्याला उत्तर-दक्षिण कळत नाही. चुंबकीय रेषा जमिनीकडे कुठल्या बाजूला झुकते एवढंच कळतं. हा झुकाव जर्मनीत पासष्ट अंशांच्या वर आहे, गोंदियात तिशीच्या थोडा पुढे. शिवाय या होकायंत्राला उजेड लागतो, आणि तोही निळा-हिरवा. लाल उजेडात रॉबिन गोंधळले.

उजेड कशाला? भौतिकशास्त्रज्ञ क्लाउस शुल्टेन यांनी १९७८मध्ये एक तर्क मांडला आणि २०००मध्ये थॉर्स्टेन रिट्झ यांच्यासह त्याला जागा दिली: डोळ्याच्या दृष्टिपटलातलं क्रिप्टोक्रोम हे प्रथिन. त्याच्या पोटात फ्लॅविनचा रेणू असतो. निळा प्रकाश पडला की ट्रिप्टोफॅनच्या साखळीतून एक इलेक्ट्रॉन उडी मारत फ्लॅविनकडे येतो आणि दोन एकटे इलेक्ट्रॉन मागे उरतात. त्यांच्या फिरकींचं (स्पिनचं) आपसातलं नातं पुंज-भौतिकीच्या नियमांनी क्षणोक्षणी पालटत असतं, आणि ते कसं पालटेल यावर बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेचा परिणाम होतो. पृथ्वीच्या क्षेत्राची या इलेक्ट्रॉनवरची ऊर्जा रेणूंच्या उष्णतेच्या हालचालीपेक्षा लाखो पटींनी कमी. तरीही परिणाम होऊ शकतो, कारण इथे चुंबक काही ढकलत नाही. दोनपैकी कोणत्या वाटेने रासायनिक क्रिया जाईल, एवढंच तो झुकवतो.

२०२१मध्ये रॉबिनचं क्रिप्टोक्रोम-४ प्रयोगशाळेत तयार करून तपासलं, तेव्हा ते कोंबडी आणि कबुतराच्या क्रिप्टोक्रोमपेक्षा जास्त चुंबक-संवेदी निघालं. पण हे परीक्षानळीत, आणि पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा कितीतरी जोरकस चुंबकात. जिवंत डोळ्यात हेच घडतं, हे अजून सिद्ध व्हायचं आहे. फळमाशीचं उदाहरण तर सावध करणारं. क्रिप्टोक्रोममुळे तिला चुंबक कळतो, असं २००८मध्ये जाहीर झालं. २०२३मध्ये दुसऱ्या गटाने सुमारे एक लाख माश्यांवर तोच प्रयोग केला आणि काहीच हाती लागलं नाही.

विजेच्या उपकरणांतून निघणाऱ्या रेडिओ-लहरींच्या गोंगाटाने दिशा बिघडते, याचा पुरावा मात्र भक्कम आहे. जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग विद्यापीठाच्या आवारात हेन्रिक मॉरिट्सन यांनी लाकडी खोपट्यांत रॉबिन ठेवले. नरसाळ्यासारखा पिंजरा, आत खास कागद. निघायच्या ऋतूत पक्षी रात्री ज्या दिशेला झेपावतो तिथे नखांचे ओरखडे उमटतात. ओरखडे सगळीकडे सारखेच पसरलेले. मग खोपट्यांना आतून ॲल्युमिनियमचे पत्रे लावून ते तारेने जमिनीशी जोडले (अर्थिंग केलं), तसे ओरखडे एका दिशेला जमू लागले. जोडणी काढली की पुन्हा गोंधळ. दोषी ठरला तो ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झमधला, रोजच्या विजेच्या उपकरणांतून झिरपणारा क्षीण गोंगाट. हे २०१४मध्ये प्रसिद्ध झालं.

महाराष्ट्राला हा अनुभव फार जुना आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१पासून चुंबकीय नोंदी चालू होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरलं, तेव्हा त्या प्रवाहाने सुया बिघडतील म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी १९०४मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली, चुंबकाला न जुमानणाऱ्या दगडाच्या इमारतीत. यंत्रांसाठी आपण एवढी काळजी घेतली.

आता टॉवर. ओल्डेनबुर्गच्याच गटाने पुढे मर्यादा शोधली: ७५ ते ८५ मेगाहर्ट्झच्या गोंगाटाने गाणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांची दिशा बिघडते, १४० ते १५० मेगाहर्ट्झच्या गोंगाटाने बिघडत नाही. मोबाइलच्या लहरी शेकडो-हजारो मेगाहर्ट्झच्या, या मर्यादेच्या खूप वर. म्हणजे शंका घ्यायचीच असेल तर टॉवरपेक्षा घरातल्या स्वस्त चार्जर आणि बल्बच्या सर्किटवर घ्यावी. ओल्डेनबुर्गसारखी मोजणी इटियाडोह धरणाच्या किंवा नवेगावबांधच्या परिसरात करायला हरकत नाही. लाकडी खोपटं, पत्रे आणि रेडिओ-लहरी मोजणारं यंत्र लागेल. शहरातल्या विद्यापीठांपेक्षा इथल्या रात्री अजून शांत आहेत, तुलनेला तीच जागा बरी.

पण टॉवरच्या बडबडीत एक खरी गोष्ट झाकली जाते. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यत्वे गोंदियात. तो स्थलांतर करत नाही, वर्षभर इथल्याच धानात आणि तलावांत राहतो. त्याला मारतात त्या अदृश्य लहरी नव्हेत. बांध्यांवरून गेलेल्या विजेच्या उघड्या तारा मारतात. सहा फुटांच्या आसपास उंचीचा, त्याहूनही मोठ्या पंखविस्ताराचा पक्षी उतरताना त्यांना भिडतो. फवारणीचं विष आहे, बुजत चाललेल्या बोड्या आहेत. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसासाठी स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत या तारांचा प्रश्न आला, टॉवरचा नव्हे. तारेला आवरण चढवायला किंवा ती जमिनीखालून न्यायला पुंज-भौतिकी कळावी लागत नाही. खर्च लागतो, आणि तो कोणी करायचा यावर गाडं अडतं.