फोन कोण उचलेल

खोलीतला मोठा दिवा घालवा, छोटा एखादा राहू द्या. पाठ टेकून बसा. आज एका सिनेमातला एक प्रसंग सावकाश पाहायचा आहे. पडद्यावर तो काही मिनिटांत संपतो. आपण त्याला इतक्या लवकर संपू द्यायचं नाही.

पॅरिसमधलं एक घर. साल १९७२, डिसेंबर महिना. टेबलावर फोन आहे, जड रिसीव्हरचा, तबकडी फिरवायचा, आपल्याकडेही पुढे कितीतरी वर्षं असायचा तसा. तुमच्या घरी त्यावर कदाचित क्रोशाचा रुमाल घातलेला असेल. तोच फोन डोळ्यांसमोर आणलात तरी चालेल. आता कल्पना करा, त्याच्या पोटात स्फोटकं भरलेली आहेत.

ती भरणारा माणूस मूळचा खेळणी बनवणारा. तो खाली रस्त्यावर, गाडीत बसून आहे. बेत असा की घरातल्या माणसाची बायको आणि लहान मुलगी बाहेर पडल्या की बाहेरून फोन लावायचा. त्या माणसाचा आवाज आला, त्याचं नाव पक्कं झालं, की कळ दाबायची. मायलेकी बाहेर पडतातही. पण मुलगी काहीतरी घ्यायला परत वर धावते, आणि नेमका त्याच वेळी मध्ये एक ट्रक आडवा येतो. ती परतल्याचं पाळतीवरच्यांना दिसतच नाही.

घंटी वाजते आहे. वाजू द्या.

रिसीव्हर उचलणारा हात छोटा आहे.

आता स्वतःच्या श्वासाकडे लक्ष द्या. तो अडकला असेल तर अडकू दे. फोन लावणाऱ्याच्या कानावर पोरीचा आवाज पडतो, धावाधाव होते, कळ दाबायची राहते. मुलगी पुन्हा खाली येते, आईबरोबर गाडीत बसते, गाडी जाते. आपण निःश्वास टाकतो. मी हा सिनेमा जितक्यांदा पाहिला तितक्यांदा टाकला आहे.

त्या निःश्वासापाशी थोडं बसू या, कारण माझ्या मते सगळा सिनेमा तिथेच आहे. मुलगी वाचली, म्हणून आपल्याला हलकं वाटतं. त्या हलकेपणातच घंटी दुसऱ्यांदा वाजते, बाप फोन उचलतो, आणि त्याच्या वाट्याला जे येतं ते आपण जवळजवळ कबूल करून बसलेलो असतो. बेत तडीस जावा असं आपल्यालाही वाटत होतं. कुणी विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो. पण कुणी विचारलं नाही.

सिनेमा आहे स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘म्युनिक’, २००५ सालचा. पटकथा टोनी कुशनर आणि एरिक रॉथ यांची. त्याच्या मुळाशी एक खरी, भयंकर जखम आहे आणि ती नीट पाहिल्याशिवाय पुढे जाणं अन्यायाचं होईल. ५ सप्टेंबर १९७२ च्या पहाटे म्युनिकच्या ऑलिंपिक नगरीत ‘ब्लॅक सप्टेंबर’ या पॅलेस्टिनी गटाचे आठ जण इस्रायली संघाच्या निवासात शिरले. दोघांना तिथेच मारलं, नऊ जणांना ओलीस धरलं. रात्री फुर्स्टेनफेल्डब्रुकच्या विमानतळावर सुटकेचा प्रयत्न फसला आणि ते नऊही गेले. एक जर्मन पोलीसही मारला गेला. स्पर्धा थोडा वेळ थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. अकरा घरांत खेळाडू, प्रशिक्षक किंवा पंच परत आला नाही. त्या घरांमध्येही कुणीतरी फोनच्या घंटीची वाट पाहत बसलं असेल.

त्या अकरा जणांसाठी मनात जे दाटतं, ते दाबू नका. सूड तिथूनच सुरू होतो, प्रेमातून. म्हणून तर तो इतका खरा वाटतो.

आपल्या भाषेत सूड ‘उगवतात’. लहानपणापासून हा शब्द ऐकतो आहोत, पण कधी कान देऊन ऐकला का? पीक उगवतं तसा. आणि जे उगवतं त्याला बी धरतंच. सिनेमातला अवनर, या अकरा जणांचा सूड घ्यायला इस्रायलने धाडलेल्या, पॅरिसच्या त्या फोनमागच्याच गुप्त पथकाचा म्होरक्या, शेवटी हेच विचारतो: एकेकाला आपण संपवलं, पण त्याच्या जागी जो आला तो आधीच्याहून कडवा निघाला, मग आपण नेमकं काय केलं?

पथक सरकारदरबारी अस्तित्वातच नाही. अवनरकडून नोकरी सोडल्याचं लिहून घेतात, पैसे स्विस बँकेतल्या तिजोरीत ठेवतात, आणि तरीही प्रत्येक खर्चाची पावती मागतात. पावत्यांचा हा भाग मला फार अस्वस्थ करतो. ज्याची नोंद कुठे होणार नाही अशा कामाचा जमाखर्च मात्र चोख. मग जे पावतीवर मावत नाही ते कुणाच्या खाती पडतं?

ते कळायला दुसऱ्या एका फोनकडे जाऊ या.

अवनरची बायको तान्ह्या मुलीला घेऊन न्यूयॉर्कला राहायला गेली आहे. तो युरोपातून घरी फोन लावतो. बायको रिसीव्हर बाळापुढे धरते. बाळ काहीतरी बडबडतं, अर्थ नसलेलं, बाळं बोलतात तसं. आणि हा माणूस, ज्याने तोवर हात थरथरत का होईना पण माणसं मारली आहेत, उभ्या उभ्या रडू लागतो.

आता डोळे मिटा. दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकाच्या टोकाला दुसऱ्याची मुलगी, दुसऱ्याच्या टोकाला आपली. तार तीच आहे. मी सांगतो म्हणून मानू नका. दोन्ही आवाज मनात आळीपाळीने ऐका, आणि कोणता आपला हे ओळखता येतं का, तेवढं पाहा.

पुढे पथकातले तिघे मरतात. एक हॉटेलच्या खोलीत, एक बाकावर, आणि खेळणीवाला स्वतःच्याच स्फोटकांनी. अवनर एका रात्री आपल्या खोलीतली गादी फाडतो, फोन उघडून बघतो, टीव्ही उचकटतो. यांतल्या कशात काय लपवता येतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? शेवटी तो कपाटात अंग चोरून झोपतो. आपल्या गोष्टींतला अश्वत्थामा आठवतो. बापाच्या वधाने पेटलेला तो रात्री छावणीत शिरला, झोपलेली मुलं मारली, आणि भळभळत्या कपाळाने अजून दारोदार तेल मागत फिरतो म्हणतात. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा मला त्याची भीती वाटायची. आता त्याच्या जागरणाचं वाईट वाटतं.

सिनेमात न आलेली एक गोष्टही इथे आणायला हवी. जुलै १९७३ मध्ये नॉर्वेतल्या लिलेहामर गावात एक मोरोक्कन वेटर गरोदर बायकोबरोबर सिनेमा पाहून घरी चालला होता. इस्रायली हेरांनी त्याला म्युनिकच्या कटाशी जोडलेला अली हसन सलामे समजून तिच्यादेखत गोळ्या घातल्या. खरा सलामे १९७९ साली बैरुतमध्ये बॉम्बस्फोटात मेला, आणि त्याच्यासोबत रस्त्यावरचे काही जणही. वेटरच्या कुटुंबाला १९९६ मध्ये इस्रायलने भरपाई दिली, जबाबदारी मात्र मान्य केली नाही. तिथेही पावती होती म्हणायची.

त्या बाईजवळ मिनिटभर थांबा. काही बोलू नका.

आता शेवटचा प्रसंग. न्यूयॉर्क, नदीकाठ, थंडी. ज्याने अवनरला या कामावर पाठवलं तो एफ्राईम त्याला परत न्यायला आला आहे. अवनर जायला तयार नाही. पण तो म्हणतो, माझ्या घरी चला, जेवायला. दूरदेशी आलेल्या आपल्या माणसाला भाकरी घालावी, त्यांच्याकडेही रीत हीच. आपल्याकडे तर वैरी दारात आला तरी पाण्याचा तांब्या पुढे करतात, मग हा तर त्याचा वरिष्ठ, त्याच्या देशाचा, त्याच्या धर्माचा.

एफ्राईम नाही म्हणतो. एवढंच. आणि वळून जातो.

कुठे तरी एका घरात पान मांडलेलं राहिलं आहे असं मला दर वेळी वाटतं. अवनर दुसऱ्या दिशेने चालू लागतो. कॅमेरा हळूहळू सरकत पलीकडच्या काठावरच्या इमारतींवर जातो. त्या गर्दीत दोन उंच, सारखे मनोरे अजून उभे आहेत.