पुरवठा, दैव आणि कर्तव्य

पुरवठा तुटला की लहान खाद्यउद्योगाची जबाबदारी कुठपर्यंत, हा प्रश्न व्यवहाराइतकाच नीतीचाही आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान (आधार), कर्ता, करण (साधन), चेष्टा (म्हणजे प्रयत्न) आणि दैव. माणूस स्वतः त्यांपैकी एकच. केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला गीता दुर्मती ठरवते.

28 एप्रिल 2022 रोजी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात रोखली आणि 23 मे रोजी ती पुन्हा खुली केली. भारताची निम्म्याहून अधिक खाद्यतेलाची गरज आयातीवर भागते. फरसाण तळून विकणाऱ्या छोट्या कारखानदाराच्या दृष्टीने जकार्तामधला असा निर्णय म्हणजे दैवच. मात्र एकाऐवजी दोन पुरवठादार ठेवणे, तेल खवट होणार नाही इतपतच साठा करणे, पर्यायी तेलात घाणा आधीच काढून पाहणे, ही चेष्टा त्याच्या हातची असते.

टंचाईत खरी कसोटी सत्याची लागते. तेल बदलून जुन्याच घटकयादीचे पाकीट वापरणे ही कायद्याने चूक आणि ग्राहकाची फसवणूकही आहे. भाव उघडपणे वाढवणे किंवा काही काळ माल थांबवणे तोट्याचे असले तरी धर्म्य ठरते. ‘गीतारहस्या’त (1915) टिळकांनी फलाशा सोडणे म्हणजे कर्म सोडणे नव्हे, असे मांडले. त्या न्यायाने नफ्याची हमी नसतानाही तयारीचे आणि खरेपणाचे कर्तव्य उरतेच.