देवकीमाता सहा लेकरे विसरली नाही



श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातला ८५ वा अध्याय कीर्तनात फारसा निघत नाही. कृष्णजन्म, काला, रुक्मिणीस्वयंवर यांत आपण रमतो आणि हा अध्याय मागे राहतो. त्यातला प्रसंग असा. कंस जाऊन पुष्कळ काळ लोटला आहे. द्वारकेचे वैभव आहे, घर लेकीसुनांनी आणि नातवंडांनी भरले आहे. अशा भरल्या घरात देवकीमाता कृष्ण-बळरामांना जवळ बोलावते. डोळ्यांना धार लागली आहे. म्हणते, बाबांनो, तुम्ही गुरूचा गेलेला मुलगा परत आणलात. मग कंसाने मारलेली माझी सहा लेकरे मला एकदा दाखवा.

आता पाहा हो, प्रत्यक्ष परब्रह्म जिच्या पोटी आले, ती आई जन्मताच गेलेल्या सहांना विसरली नव्हती. आणि भगवंतांनी काय केले? याच अध्यायाच्या आरंभी ते वसुदेवांशी तत्त्वज्ञान बोलले आहेत. आईपुढे मात्र एक शब्द तत्त्वज्ञानाचा नाही. ‘मी आहे ना तुला?’ असेही म्हणाले नाहीत. उठले, सुतललोकी बळीराजाकडे गेले, आणि सहाही लेकरे आणून आईच्या मांडीवर ठेवली. तिने पाहिले, हुंगले, पदराखाली घेऊन दूध पाजले. मग सगळ्यांच्या देखत ती लेकरे देवलोकी निघून गेली. राहिली नाहीत. पण आईला भेट मिळाली आणि निरोपही मिळाला.

हा अध्याय आज काढण्याचे कारण आपल्या गावागावांत आहे. ३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेले, किलो-दीड किलोचे बाळ जिल्ह्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेले असते. नाकात नळी, पायाला तार. बाप व्हरांड्यात सतरंजीवर. आई दुसऱ्या खोलीत, नाहीतर सोयर आहे म्हणून घरीच बसवलेली. गावचे लोक भेटायला येतात आणि म्हणतात, देवाची मर्जी. अहो, देवाची मर्जी सांगायला आपल्याला कोणी नेमले? वारीत एखाद्याच्या पायाला फोड आला तर आपण त्याला ‘तुझं प्रारब्ध’ म्हणत नाही. खाली बसतो, पाय हातात घेतो, तेल लावतो. तेच इथे करायचे.

करायचे म्हणजे काय, ते रोकडे सांगतो. बापाला डबा न्या. घरच्या थोरल्या पोरांना आठ दिवस आपल्याकडे ठेवा. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचा उपचार, औषधे आणि नेण्याआणण्याची गाडी २०११ पासून विनामूल्य आहे, हे त्याला सांगा. नाहीतर बिचारा म्हैस विकायला निघतो. आणि आईला बाळापाशी पोचवा. सोयर आड आणू नका. बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरण्याची रीत कोलंबिया देशात बोगोटा शहरी १९७८ साली सुरू झाली. पुढे पाच देशांत अभ्यास झाला, त्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते. एक किलोपासून १८०० ग्रॅमच्या आतली बाळे जन्मल्याबरोबर अशी छातीशी धरली, तर मृत्यू सुमारे चौथ्या हिश्श्याने कमी झाले, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. डॉक्टरांना विचारून आई धरो, बाप धरो, आजी धरो. तिथे आईची छाती हेच औषध; तिला घरी कोपऱ्यात बसवून काय साधते?

इतके करूनही कधी कधी बाळ जाते. मग घरातली वडील मंडळी घाई करतात. आईला दाखवू नका, तिला सोसणार नाही म्हणतात. बापाच्या हाती कापडात गुंडाळलेले देतात आणि अंधार पडायच्या आत सगळे उरकतात. बारसे झालेले नसते, म्हणून नावही नसते. एका गावी असा बाप मला म्हणाला, ‘महाराज, त्याची आठवण आली तर हाक काय म्हणून मारू?’

शास्त्र शिकलेला माणूस म्हणून सांगतो. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला अग्नी नाही, भूमी आहे; त्याला उदकदान नाही, सुतकही थोडे. हे मनुस्मृतीत आहे. पण शास्त्राने विधी थोडा सांगितला, शोक थोडा करा असे कुठे सांगितले? सुतक दिवसांत मोजता येते, आईचे दुःख येत नाही. नाव ठेवायला मुहूर्त लागत असेल, हाक मारायला लागत नाही. आईबापांची इच्छा असेल तर बाळ त्यांच्या मांडीवर द्या. घटकाभर बसू द्या. कानात नाव सांगू द्या. देवकीला जे मिळाले, ते आपल्या सुनेला नाकारणारे आपण कोण?

बाळ गेले तरी आईला पान्हा येतो, छाती दाटते, ताप भरतो. ती लाजेने बोलत नाही. सासूने, नणंदेने विचारावे, नर्सबाईंना दाखवावे. आणि ‘दुसरं होईल’ हे वाक्य जिभेवर येऊ देऊ नका. देवकीला सातवा बळराम, आठवा साक्षात भगवान. तरी सहांची जागा रिकामीच होती. ‘ग्रहण पाळलं नसेल’, ‘हिचाच पाय वाईट’ असे बोलणाऱ्याला तिथल्या तिथे गप्प करा. माळ घातलेल्याने तर करावेच. बाप रडत नसला तरी त्याच्याजवळही कोणी बसा.

कीर्तनकार बंधूंनाही एक विनंती. तेरच्या गोरोबाकाकांचे आख्यान आपण सांगतो. बाळ चिखलात गेले, पुढे पंढरीच्या कीर्तनात रांगत आले, आणि टाळ्यांचा गजर होतो. पण समोर ओटी रिकामी झालेली एखादी माउली बसलेली असते. ती मनात म्हणते, माझे आले नाही, म्हणजे माझीच भक्ती कमी पडली. त्या दिवशी देवकीचा हा अध्यायही जोडून सांगावा. तिची लेकरे आली आणि पुन्हा गेली. तिच्या भक्तीला कोणी उणे म्हटले नाही.

विठोबाला आपण माउली म्हणतो. माउली लेकराच्या रडण्याचा हिशेब विचारत नाही, उचलून घेते. त्या माउलीचे म्हणवून घेणाऱ्यांनी वर्षभराने, बाळ गेल्याच्या तिथीला, त्या घरी जावे. चहा घ्यावा. बाळाचे नाव घेऊन बोलावे. आई रडेल, रडू द्यावे. आपले बाळ कोणाच्या तरी ध्यानात आहे, एवढे तिला कळले म्हणजे पुष्कळ झाले.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!