पदवीधराने शिपाई व्हावे काय?

महाविद्यालयाची परीक्षा उतरलेल्या तरुणाने सैन्यात जावयाचे मनात आणले, म्हणजे त्याच्यापुढे दोन वाटा उभ्या राहतात. एक वाट भरतीच्या मैदानावरून जाते व शिपायाच्या गणवेशापाशी पोहोचते. दुसरी परीक्षेच्या व निवडमंडळाच्या दालनांतून जाते व अधिकाऱ्याच्या खांद्यावरील ताऱ्यांपाशी थांबते. यांतील कोणती पत्करावी हा प्रश्न वरवर पाहता पोटापाण्याचा दिसतो, व तसा तो आहेही. परंतु त्याच्या तळाशी नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचाच विचार येथे करावयाचा आहे. आज्ञा पाळण्याची व आज्ञा देण्याची, अशा दोन्ही पात्रता ज्याच्या अंगी येण्याजोग्या आहेत, त्याने कोणते ओझे उचलावे?

विचार अधांतरी राहू नये म्हणून तो ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांच्या भूमीवर उभा करणे बरे. तानसा, भातसा व मोडकसागर यांचे पाणी शहापुरातून मुंबईस जाते, आणि वैशाखात त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर बायाबापड्या टँकरची वाट पाहत बसतात. पाण्यापाठोपाठ माणसेही जातात. कसारा व आसनगाव येथून पहाटे सुटणाऱ्या गाड्या चाकरमान्यांनी भरून निघतात. मुरबाडाकडे माळशेज घाटाच्या पायथ्यापर्यंत भातशेती, थोडी कारखानदारी व पुष्कळशी वाट पाहणे, असा संसार आहे. अशा घरात कुणबी, आगरी, ठाकूर वा महादेव कोळी आईबापांच्या पोटी पहिला पदवीधर निघतो, तेव्हा त्याची पदवी एकट्याची नसते. तिच्यासाठी कोणी दागिना मोडलेला असतो, कोणी धाकट्याने शाळा सोडलेली असते. म्हणून त्याचा निर्णयही एकट्याचा राहत नाही.

आता दोन्ही वाटांची मोजमापे पाहू. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेप्रमाणे शिपाई म्हणून घेतला जाणारा तरुण अग्निवीर म्हणून चार वर्षांकरिता घेतला जातो. योजनेत वयाची अट साडेसतरा ते एकवीस अशी ठरली होती; त्या पहिल्या वर्षापुरती वरची मर्यादा तेवीस केली गेली. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,००० रुपये. त्यांतील तीस टक्के सेवानिधीत जमा होऊन सरकारच्या तितक्याच भरीसह अखेरीस सुमारे ११.७१ लाख रुपये हाती येतात. चार वर्षांनंतर शंभरांतून अधिकात अधिक पंचवीस जण कायम सेवेत घेतले जातात. उरलेल्यांस निवृत्तिवेतन नाही. दुसऱ्या वाटेवर पदवी, लोकसेवा आयोगाची वर्षातून दोनदा होणारी परीक्षा, मग निवडमंडळापुढील पाच दिवस, आणि त्यांतून उतरल्यास देहरादून किंवा चेन्नई येथील शिक्षण. लेफ्टनंटाचे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. चेन्नईच्या संस्थेचे दार १९९२ पासून स्त्रियांनाही उघडले, तेव्हा हा प्रश्न आता घरातील मुलीचाही झाला आहे.

यांत एक पेच आहे, तो नीट ध्यानी घेतला पाहिजे. पदवी मिळते ती साधारणतः एकविसाव्या वर्षी. म्हणजे ज्या सुमारास अधिकाऱ्याच्या परीक्षेचे दार उघडते, त्याच सुमारास शिपायाच्या भरतीचे दार लागू पाहते. उलट जो आधी अग्निवीर होतो, तो चार वर्षांनी परततो तेव्हा पदवीधरांच्या त्या परीक्षेची चोवीस-पंचवीस वर्षांची मर्यादा त्याच्या अगदी जवळ आलेली किंवा उलटून गेलेली असते. दोन्ही वाटा पुष्कळांच्या बाबतीत एकामागून एक चालता येत नाहीत. एक धरली की दुसरी सुटते, आणि म्हणूनच निवड ही खरी निवड ठरते.

लोकमत या निवडीचा निकाल दोन तऱ्हांनी लावते. एक पक्ष म्हणतो, पदवी घेऊन शिपाई होणे म्हणजे शिकल्यासवरल्याची माती होय. दुसरा म्हणतो, हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये. आज मिळते ते घ्यावे. पहिला पक्ष प्रतिष्ठेचा आहे, दुसरा व्यवहाराचा. नीतीचा दोहोंपैकी एकही नाही.

प्रतिष्ठेचा पक्ष तर इतिहासापुढे क्षणभरही टिकत नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीच्या काठी जखमी सोबत्यांना सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवर वाहून नेऊन मग शत्रूची यंत्रतोफांची ठाणी एकट्याने बंद पाडणारे नामदेव जाधव हे मराठा लाइट इन्फंट्रीतील साधे शिपाई होते. त्याआधी १० जुलै १९४४ रोजी तेथेच धारातीर्थी पडलेले माणगाव तालुक्यातील यशवंत घाडगे हे नाईक होते. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पदाच्या उंचीने मनुष्याची उंची मोजणाऱ्याने ही दोन नावे आठवावी.

तथापि येथे एक गोष्ट विसरता कामा नये. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत हिंदी मनुष्यास राजाची सनद मिळून अधिकारी होणे जवळजवळ अशक्य होते. तो पराकाष्ठेस सुभेदार-मेजर होई, आणि कालपरवा आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटापुढे उभा राही. देहरादूनची संस्था निघाली ती १९३२ साली. महारांस तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिपाईगिरीही बंद झाली, आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत थोडा काळ वगळता ते दार लागलेलेच राहिले. या काळात आपल्या लोकांना निवड नव्हती. म्हणून निवडीची जबाबदारीही नव्हती. आज ती आहे. जे दार आजोबांस बंद होते ते उघडे असता आत न जाणे, हे केवळ वैयक्तिक आवडीचे प्रकरण म्हणून सोडून देता येणार नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. शिपाई व अधिकारी यांतील खरा भेद मानाचा नाही, पगाराचाही नाही. शिपाई स्वतःचा प्राण पणास लावतो. अधिकारी स्वतःच्या प्राणाबरोबर दुसऱ्यांचेही प्राण पणास लावतो. पहिल्यास धैर्य पुरते, दुसऱ्यास धैर्य पुरत नाही. कुरुक्षेत्रावर विषाद झाला तो अर्जुनास. अठरा अक्षौहिणींतील पायदळास काय वाटले याची गीतेत नोंद नाही. ही शिपायाची उपेक्षा खरीच, परंतु तिच्यात एक मर्मही आहे. ज्याच्या हाती निर्णय असतो त्यालाच तो विशिष्ट विषाद होतो.

शहापुराजवळचा माहुलीचा किल्ला या भेदाचे उत्तम उदाहरण आहे. १६३६ साली बाल निजामशहास घेऊन शहाजीराजे तेथे अडकले, बाहेर मोगल व आदिलशाही फौजांचा वेढा पडला, आणि अखेर त्यांनी किल्ला व बालराजा दोन्ही स्वाधीन केली. निजामशाही तेथे संपली. तटावरील कोणताही शिपाई लढून मरू शकला असता व त्याचे नाव निष्कलंक राहिले असते. परंतु किल्ला स्वाधीन करण्याचा निर्णय शिपायास घेताच येत नाही. तो अपयशाचा डाग कपाळी घेऊन सेनानायकासच घ्यावा लागतो. तो योग्य होता की अयोग्य याचा वाद इतिहासकारांनी करावा. मरण्याहून अवघड अशी काही कर्तव्ये असतात आणि ती आज्ञा देणाऱ्याच्या वाट्यास येतात, एवढेच येथे पाहावयाचे.

याची दुसरी बाजू २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीस दिसली. सरनोबत प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले व सातही जण कामास आले. त्या शौर्यापुढे महाराष्ट्र आजही नतमस्तक होतो, आणि व्हावेच. परंतु शांतपणे विचार करणारास हे म्हणणे भाग आहे, की ते शौर्य शिपायाचे होते, सरनोबताचे नव्हते. मागे राहिलेली फौज त्या क्षणी नायकावाचून राहिली. अधिकाऱ्यास मरण्याचाही स्वतंत्र हक्क उरत नाही. त्याच्या प्राणावर त्याच्या माणसांचा बोजा असतो.

मग अधिकारी म्हणजे मागे सुरक्षित राहणारा, असा अर्थ घ्यावयाचा काय? मुरबाड तालुक्यातील सिद्धगड याचे उत्तर देतो. भाई कोतवाल हे माथेरानच्या एका गरीब नाभिक कुटुंबातील. शिकून वकील झालेले. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी आझाद दस्ता उभारून मुंबईस वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी ते पडले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे तरुण सहकारी हिराजी पाटीलही पडले. हे सैन्य सरकारी नव्हते. ते सरकारविरुद्ध होते. तरी आज्ञा देण्याची नीती दोहोंकडे एकच. सोबत्यास जेथे पाठवावयाचे तेथे स्वतः असणे, आणि तरीही केव्हा पाठवू नये हे ओळखणे. कोतवालांनी आपली सनद स्वतःच्या उत्कर्षाकरिता वापरली असती तर त्यांस कोणी दोष दिला नसता. त्यांनी शिक्षणाचा अर्थ अधिक भार असा घेतला.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, व तो वजनदार आहे. कोणी म्हणेल, हे सारे ऐकावयास गोड आहे. परंतु डोळखांब किंवा टोकावडे येथील मुलास हे दार खरोखर उघडे आहे काय? परीक्षेच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत निघतात, मराठीत नाहीत. इंग्रजीचा तर स्वतंत्र कागद आहे. शहरातील मुलगा दोन वर्षे शिकवणी लावून प्रयत्न करू शकतो. खेड्यातील घर दोन महिने थांबू शकत नाही. हे खरे आहे, आणि जो कोणी हे नाकारील तो उपदेश करण्यास अपात्र होय. उपाशी घर थांबवून स्वतःच्या योग्यतेची परीक्षा पाहणे हाही एक स्वार्थ होऊ शकतो. ज्याच्या पहिल्या पगारावर बहिणीचे शिक्षण किंवा बापाचे औषध अवलंबून आहे, त्याने शिपाई होणे पत्करले, तर ती कमी प्रतीची निवड नव्हे. ते ऋण फेडणे होय.

परंतु घर थांबू शकत नाही आणि आपणास धीर होत नाही, या दोन गोष्टी बाहेरून एकसारख्या दिसतात व आतून अगदी निराळ्या असतात. पुष्कळदा दुसरी गोष्ट पहिलीची वस्त्रे पांघरून येते. इंग्रजीची भीती, निवडमंडळापुढे आपले कपडे व आपले उच्चार हास्यास्पद ठरतील ही धास्ती, नापास होऊन गावात तोंड दाखविण्याची लाज. या साऱ्यांस मनुष्य मोठ्या सहजतेने कर्तव्याचे नाव देतो. तसे नाव देण्यापूर्वी त्याने निदान वाट किती लांब आहे हे तरी पाहावे. कसाऱ्याचा घाट चढून गेले की नाशिकरोड येथे राज्य सरकारचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे महाराष्ट्रातील तरुणांस या परीक्षेची व मुलाखतीची तयारी राहण्याजेवण्यासह विनामूल्य करून देतात. आणि निवडमंडळ जे गुण शोधते त्यांत इंग्रजी उच्चार हा गुण नाही. जबाबदारीची जाणीव, सहकार्य, धैर्य व चिकाटी हे गुण आहेत. ज्या मुलाने आवणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून दहा माणसांचे काम मार्गी लावले आहे, त्याच्यापाशी ते नसतात असे कोण म्हणेल?

शिपाईगिरीतून अधिकारीपदाकडे जाणारी तिसरी वाटही आहे. कारवारजवळच्या चेंडिये गावचे रामा राघोबा राणे १९४० साली बाँबे इंजिनियर्समध्ये सॅपर म्हणून भरती झाले, हवालदार झाले, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले, आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. पुढच्याच एप्रिलात नौशेरा ते राजौरीच्या वाटेवरील सुरुंग व अडथळे त्यांनी जखमी अवस्थेत, गोळ्यांच्या वर्षावात दूर केले व रणगाड्यांस मार्ग करून दिला. परमवीरचक्र जिवंतपणी मिळालेले ते पहिले वीर. कायम सेवेतील शिपायांस अधिकारी होण्यासाठी देहरादूनलाच आर्मी कॅडेट कॉलेजची शाखा आजही आहे. परंतु ज्याची नेमणूकच चार वर्षांची, त्याने या तिसऱ्या वाटेचा भरवसा धरून पहिली पत्करू नये. कायम राहणाऱ्यांचे प्रमाण वर सांगितलेच आहे.

तेव्हा आमचे मत असे. ज्याचे घर एक-दोन वर्षे तग धरू शकते, त्याने अवघड वाट आधी चालून पाहावी, आणि ती मानासाठी नव्हे. आज्ञा देणाऱ्यांत पाड्यावरचे घर आतून पाहिलेला मनुष्य असणे हे आज्ञा पाळणाऱ्यांच्या हिताचे आहे. शिपायाच्या घरी मृत्यूची वार्ता कळविणारे पत्र जो लिहितो, त्याला ते घर कसे असते हे ठाऊक असेल, तर तो आज्ञा देताना अधिक तोलून देईल. ज्याचे घर तग धरू शकत नाही, त्याने खाली मान घालून भरतीस जाण्याचे कारण नाही. त्याने मात्र पंचविसाव्या वर्षी काय करावयाचे याचा विचार एकविसाव्या वर्षीच करावा. आणि ज्या समाजाने निरोपाच्या वेळी त्याच्या गळ्यात हार घातला, त्या समाजावर तो परत आल्यावर त्यास काम देण्याचे ऋण राहते. ते फेडले नाही तर हार घालण्याचा अधिकार समाजास उरत नाही.

शेवटी ही निवड करणाऱ्याने आपल्या मनास एकच प्रश्न विचारावा. माझ्या चुकीने मी मेलो तर ते मला सोसेल काय, हा तो प्रश्न नव्हे. त्याचे उत्तर पुष्कळांपाशी असते. माझ्या चुकीने दुसरा मेला, तर त्याच्या आईच्या दारात जाऊन उभा राहण्याचे बळ मी अंगी आणू शकेन काय, हा तो प्रश्न होय. ज्याचे उत्तर ‘आणीन’ असे येईल, त्याने ताऱ्यांची इच्छा धरण्यास संकोच करू नये. ज्याचे ‘नाही’ असे येईल, त्याने ते स्वतःशी कबूल करून शिपाई व्हावे. त्या कबुलीत कमीपणा नाही.